बसलेलं बाळ आणि शंकाबाई

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे शंकाबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या मशीनला ठाऊक होतं, बाकी कोणाला त्याची गरज पडत नव्हती. शिलाई खात्यातून आलेला शर्ट तिच्या टेबलावर पडला की ती आधी तो उलटा करायची. सुलट बाजू काय, कोणीही छान दाखवतं, असं तिचं म्हणणं. मग काखेची शिवण दोन्ही हातांनी ओढायची, कॉलरची टोकं एकमेकांवर ठेवून बघायची, बटणं एकेक करून पिळायची, आणि दोष सापडला की तिथे लाल दोऱ्याचा टाका मारून शर्ट बाजूच्या टोपलीत टाकायची. बोलायचं काही नाही. शर्ट कोणाच्या हातचा, का बिघडला, हे ती कधी विचारत नसे. विचारलं की माणूस रडगाणं गातं आणि रडगाणं ऐकलं की नजर मऊ पडते, हा तिचा अनुभव.

तिच्या तपासणी खात्यात आणखी एक पद्धत होती. लांब पाठवायचा माल दोनदा तपासला जायचा, आणि पहिलीने काय पकडलंय ते दुसरीला सांगायचं नाही असा दंडक होता. याला ‘कोरी तपासणी’ म्हणत. पहिलीचे लाल टाके काढून टाकायचे आणि काहीच झालं नसल्यासारखा शर्ट दुसरीच्या पुढ्यात ठेवायचा. दुसरीलाही तोच दोष सापडला तर दोघी शहाण्या. नाही सापडला, तर दोघींपैकी एक झोपा काढत होती.

शंकाबाईला ही पद्धत इतकी आवडली की ती तिने घरीही नेली. नळ दुरुस्त करणारा आला तर गळती कुठे आहे हे माहीत असूनही ती त्याला सांगायची नाही. त्याची त्याला सापडते का ते हाताची घडी घालून बघत राहायची, तोवर स्वयंपाकघराचं तळं झालं तरी बेहत्तर. नवरा होता तोवर तो हसून सोडून द्यायचा. तो गेला, आणि घरात संशय घ्यायला एकटी लेकच उरली. लेकीला यायला उशीर झाला तर ही आधी तिच्या एका मैत्रिणीला विचारायची, मग दुसरीला, आणि दोघींची उत्तरं जुळली की मगच पोरीला जेवायला वाढायची. पोरगी बहुतेक वेळा खरंच बोलत असे. त्याने काही फरक पडत नसे. माया नव्हती असं मात्र कोणी समजू नये. माया होती म्हणून तर एवढी मेहनत! परक्या पोरीसाठी कोण चपला झिजवतं?

लेकीचं लग्न झालं, दिवस गेले, आणि जुळं आहे असं कळलं. शंकाबाईने लगेच दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी करायला लावली. तिथेही दोनच निघाली. तेव्हा कुठे तिने लोकर आणली आणि विणायला घेतली.

आठवा महिना सरत आला तेव्हा ती लेकीबरोबर दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई वयाने लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या, डोळ्यांखाली झोप साठलेली. बोलता बोलता पेनाचं टोपण काढायची आणि घालायची त्यांना खोड होती. शंकाबाईने ती पहिल्याच दिवशी हेरून ठेवली होती. खरं बोलणाऱ्या माणसाचे हात असे चाळवतात का?

“पहिलं बाळ बसलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पहिलं म्हणजे खालचं, वाटेच्या तोंडाशी असलेलं. त्याचं डोकं वर आहे आणि ढुंगण खाली. दुसऱ्याचं डोकं खाली आहे.”

“म्हणजे एक तरी सरळ आहे,” लेक हसून म्हणाली.

“वाटेत जे पुढे आहे ते सरळ हवं होतं. मागचं कसंही असलं तरी पहिलं बाहेर आल्यावर त्याला जागा मिळते. आम्ही ते वळवतो, नाहीतर पाय धरून अलगद काढतो. पण पुढचं बसलेलं आणि मागच्याचं डोकं खाली, अशात दोघांच्या हनुवट्या एकमेकांत अडकायची भीती असते. क्वचितच होतं असं. पण झालं तर काही करायला वेळ मिळत नाही. म्हणून अजून थोडे दिवस बघू. वळलं तर बोलू, नाही वळलं तर ऑपरेशन.”

‘ऑपरेशन’ हा शब्द आला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत शंकाबाईच्या मनात पाल चुकचुकली. हेच तर ती इतके दिवस ऐकायला बसली होती.

“बाहेरून नाही का वळवता येत?” लेकीने विचारलं.

“एकच असतं तर आम्हीच प्रयत्न केला असता, इथे, सगळी तयारी ठेवून. जुळ्यांत नाही करत. आत दाटी असते. एकाला ढकलायला जावं तर दुसऱ्याची नाळ दाबली जाईल, वार सुटेल. घरी कोणालाही पोट चोळू देऊ नका. आणि पाणी गेलं तर कळांची वाट बघत बसायचं नाही, तडक निघून यायचं.”

इतकं सगळं सरळ सांगूनही शंकाबाईला पटलं नाही. उलट, एवढं पाठ केल्यासारखं कसं सांगता येतं, याचाच तिला संशय आला. ‘बघू’ म्हणताना डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं होतं. वाटेत ती लेकीला म्हणाली, “ह्यांचं आधीच ठरलंय. बघू-बिघू काही नाही.”

“आई, अगं चित्रात दिसत होतं की मला.”

“चित्र त्यांच्याच मशीनमधलं.”

लेक पोटावर हात ठेवून हळूहळू चालत राहिली.

कारखान्यात काजं करणाऱ्या बाईने एका मालिशवालीचं नाव सुचवलं. तिचा हात लागला की पोर आपसूक फिरतं, किती जणींची सुटका केलीय तिने, वगैरे वगैरे. शंकाबाईचा तिच्यावरही विश्वास बसला नाही. हे तिचं मानलं पाहिजे. ती पक्षपात करत नसे. पण दोघींना एकमेकींविरुद्ध तपासून बघता येईल, असं तिच्या डोक्यात आलं आणि तिथेच घात झाला. मालिशवालीने आपणहून सगळं बरोबर ओळखलं तर तिच्या हातात काहीतरी आहे. नाही ओळखलं तर तिला दार दाखवायचं. म्हणून तिला सांगितलं एवढंच की ‘पोर बसलंय’. आत दोन आहेत हे सांगितलं नाही. अगदी कोरी तपासणी.

लेक तेव्हा चार दिवस आईकडे राहायला आली होती. पाय सुजले होते तिचे. “पायांना मालिश करून घे, बरं वाटेल,” एवढंच शंकाबाईने तिलाही सांगितलं. म्हणजे दोन्हीकडे तोंडाला कुलूप.

मालिशवाली दुपारी आली. आडव्या हाडाची, हसरी, हातात बांगड्यांचा खळखळाट. पायांना तेल लावता लावता तिने जगभराच्या बाळंतपणांच्या गोष्टी सांगितल्या. लेकीचा डोळा लागत आला. मग मालिशवालीचे हात गुडघ्यांवरून वर सरकले आणि बघता बघता पोटावर आले.

लेक दचकून जागी झाली. तिने आईकडे पाहिलं. आई पायथ्याशी हाताची घडी घालून उभी होती आणि आता ही थांबवेल, आता बोलेल, असं लेकीला वाटत राहिलं. शंकाबाई बोलली नाही. तिचं सगळं लक्ष त्या तेलकट बोटांकडे होतं. बोटं उजव्या बरगडीखाली गेली, तिथे काहीतरी टणक लागलं आणि मालिशवालीचा चेहरा खुलला.

“हे बघा डोकं! वर आहे. पोर अंगाने भरलेलं आहे हो, चांगलं दांडगं. म्हणून तर पोट एवढं मोठं दिसतंय. दोन-तीन वेळा हात फिरवला की येईल खाली.” आणि तिने तळहाताची कड रोवून पोट जोरात बाजूला रेटलं.

“आई गं!” लेक कळवळली.

“एकच?” शंकाबाईने विचारलं.

“अं?”

“आत एकच पोर आहे म्हणालात ना?”

“मग किती असणार?”

“ऊठ,” शंकाबाई म्हणाली. “ऊठ आधी. हात काढ तिच्या अंगावरून. दोन आहेत आत, दोन! तुला पोटातली पोरं मोजता येत नाहीत आणि वळवायला निघालीस?” तेलाची बाटली, चपला आणि मालिशवाली अशा क्रमाने सगळं दाराबाहेर गेलं. दार लावून ती वळली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. एवढा मोठा दोष तिने आयुष्यात पकडला नव्हता.

लेक पलंगावर उठून बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “ती पोटाला हात लावणार हे तुला माहीत होतं.”

“अगं, मला बघायचं होतं, तिला कळतं का...”

“माझ्या पोटावर? माझ्या पोटावर परीक्षा घेतलीस तू तिची?”

उत्तर द्यायला वेळ नव्हता, कारण लेकीचं पोट दगडासारखं कडक होत होतं. शंकाबाईने रस्त्यात धावत जाऊन रिक्षा थांबवली. दवाखान्यात पोटाला पट्टे बांधले आणि दोन्ही ठोके नीट ऐकू येईपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली. घाबरली होती ती. मनापासून, साध्या माणसासारखी घाबरली होती.

ठोके नीट होते. पोट हळूहळू सैल पडलं. लेकीने डॉक्टरीणबाईंना जे झालं ते सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. डॉक्टरीणबाईंचं टोपण थांबलं.

“तिला दोन आहेत हे कळलं नाही म्हटल्यावर तुम्ही थांबवलंत, ते ठीक,” त्या शंकाबाईला म्हणाल्या. “पण मग आधी हात का लावू दिलात?”

त्याच संध्याकाळी जावई आला आणि लेक सासरी गेली. जाताना तिने आईला वाकून नमस्कार केला नाही, पोटामुळे वाकता येत नव्हतं असं शंकाबाईने शेजारणीला सांगितलं.

त्यानंतर मात्र कुठेतरी पाणी मुरायला लागलं. लेक फोनवर ‘बरं आहे’ याच्या पुढे जाईना. बाळ वळलं का म्हणून विचारलं की, “बघतायत अजून,” आणि लगेच फोन विहीणबाईंच्या हातात. विहीणबाई एरवी मोजून मापून बोलणाऱ्या. त्या एकदम साखरपेरणी करायला लागल्या. तब्येत कशी, गुडघे कसे, हवा कशी. एकदा तर त्यांनी विचारलं, “आणि हो, तुमची सुट्टी कोणत्या वारी असते हो?” शंकाबाईने वार सांगितला आणि फोन ठेवल्यावर विचार करत बसली. ह्यांना माझ्या सुट्टीशी काय करायचंय?

मग जावई येऊन विणलेली झबली घेऊन गेला. “धुऊन ठेवतो आई,” म्हणाला, पण तिच्या नजरेला नजर देईना. शंकाबाईने मनातल्या मनात एकेका गोष्टीवर लाल टाका मारून ठेवला. विचारलं मात्र कोणालाच नाही. विचारलं की सावध होतात.

तिने अंदाज बांधला तो असा: विहीणबाईंनी तिकडे दुसरीच कोणी मालिशवाली गाठली आहे. दुसरा अंदाज याहून वाईट होता, आणि तो ती अर्धाच करायची. एखाद्या बाळाला काही झालंय आणि हे लपवतायत. आपल्यामुळे झालंय. तो हात पोटावर फिरला तेव्हा झालंय.

शेवटी एका संध्याकाळी कारखाना सुटल्यावर ती न कळवता लेकीच्या सासरी जाऊन थडकली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि कोमट तेलाचा वास नाकात शिरला. स्वयंपाकघरात विहीणबाई हातात वाटी घेऊन उभ्या होत्या. शंकाबाईने ना नमस्कार केला ना चमत्कार, सरळ वाटी हिसकावून नाकाशी नेली.

“हे कोणासाठी?”

“माझ्या गुडघ्यांसाठी,” विहीणबाई म्हणाल्या. “का? तुम्हालाही लावू?”

शंकाबाईने वाटी खाली ठेवली. तेवढ्यात तिला दारामागची बॅग दिसली. चेन नीट बसली नव्हती आणि त्यातून तिनेच विणलेल्या झबल्याची पिवळी बाही बाहेर आली होती.

विहीणबाईंनी तिची नजर कुठे गेली ते पाहिलं. त्यांनी हात पदराला पुसले आणि स्टूल पुढे सरकवलं.

“बसा. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. बाळ वळलं नाही. परवाच नक्की केलं.”

“उद्या? उद्या माझी सुट्टी नाही.”

“म्हणूनच उद्या.”

शंकाबाई बसली नाही. “आणि मला सांगायचं नाही असं कोणी ठरवलं? तुम्ही?”

“मी कशाला ठरवू? मी तिला म्हटलं, अगं आई आहे ती. तर म्हणाली, म्हणूनच.” विहीणबाई जरा थांबल्या. “दोन्ही बाळं चांगली आहेत हो. ते दडवलं नाही कोणी.”

हे ऐकल्यावर मग ती स्टुलावर बसली. बाळं चांगली होती. एवढे दिवस छातीवर घेतलेला दगड उतरला. पण आता तिथे दुसरंच काही दुखायला लागलं होतं. आयुष्यभर तिने सगळ्यांना उलटंसुलटं करून पाहिलं, आणि आज ज्या एका खोलीत तिला जायचं होतं तिथे तिलाच बाजूच्या टोपलीत टाकलेलं होतं.

लेक आतल्या खोलीत कुशीवर पडली होती. आईचा आवाज तिने ऐकलाच असणार. ती उठली नाही, पण तिने पाय जवळ ओढून आईला बसायला जागा केली.

“भांडायला आलीस?”

“नाही.”

“मग?”

शंकाबाईने बराच वेळ चादरीची किनार बोटांनी चाचपली. मग तिने आयुष्यात कोणाला विचारलं नव्हतं ते सरळ विचारलं. “मी आले उद्या तर चालेल का?”

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. “आई, मला राग नाही आता. खरंच नाही. पण उद्या मला आत नेतील, पाठीत सुई देतील, कंबरेखालचं काही कळणार नाही आणि मी जागी असेन. तेव्हा मला त्या सगळ्यांवर विश्वास ठेवायचाय. डोळे मिटून. तू दाराबाहेर उभी आहेस असं कळलं ना, की माझ्या डोक्यात सुरू होतं. ह्यांनी घड्याळाकडे का पाहिलं, ही सिस्टर हळू का बोलली. तुझ्याच आवाजात सुरू होतं. लहानपणापासून आहे तो आवाज. एरवी चालतो. उद्या नको.”

शंकाबाईने लेकीच्या सुजलेल्या पायांवर हात ठेवला. पोटाला हात लावला नाही. तिला लावायचा होता, फार लावायचा होता.

“बरं,” ती म्हणाली. “मी कामावर जाते उद्या.”

आणि ती खरोखरच गेली. घरी बसली असती तर वेड लागलं असतं. टेबलावर शर्ट येत होते आणि ती ते उलटे करत होती, पण एकाही शर्टात तिला त्या सकाळी काही दिसलं नाही. काजं करणाऱ्या बाईने दोनदा येऊन विचारलं, बरं वाटत नाही का. खात्याचे मास्तर लांबून बघत होते.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी फोन वाजला. विहीणबाई.

“झालं हो! पहिली मुलगी. बसल्या बसल्याच आली बाहेर, जशी काही पाटावर बसून! मागून मुलगा. दोघंही रडली, चांगली खणखणीत रडली.”

शंकाबाईच्या जिभेवर प्रश्नांची रांग लागली. तुम्ही स्वतः पाहिलंत का? वजन कोणी केलं? मुलीचे पाय कसे आहेत, कंबर कशी आहे? कोण म्हणालं चांगली आहेत म्हणून, सिस्टर का डॉक्टर? तिने एकेक प्रश्न गिळला.

“आणि ती?”

“ठीक आहे. आत्ताच बाहेर आणली.” पलीकडे क्षणभर शांतता पसरली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कोणाचं तरी रडू आलं आणि गेलं. मग विहीणबाई म्हणाल्या, “ती म्हणतेय, आईला बोलवा.”

शंकाबाईने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. असल्या बाबतीत तिचा कान कधी चुकत नसे. लेकीचा आवाज तिने ऐकला नव्हता. आत्ताच बाहेर आणलेली, दमलेली पोर, ती एवढ्यात काय बोलणार? आणि विहीणबाई ते वाक्य बोलायच्या आधी थांबल्या होत्या. चांगल्या मनाचं माणूस थाप मारण्यापूर्वी थांबतं ना, तसंच थांबल्या होत्या. बोलावणं लेकीचं नव्हतं, विहीणबाईंचंच होतं, असं तिला जवळजवळ खात्रीने वाटलं.

“निघालेच,” ती म्हणाली.

तिने टेबलावरचा शर्ट तसाच उलटा टाकला आणि मास्तरांना न विचारता जिना उतरली. पुढे जुळी मोठी झाली, तिच्या अंगाखांद्यावर खेळली, लेक आणि ती कितीदा एका ताटात जेवल्या. विहीणबाईंशी तर तिचं इतकं जमलं की गुडघ्यांचं तेल दोघी एकाच वाटीतून लावत. पण त्या दिवशी तिला नक्की कोणी बोलावलं होतं, हे शंकाबाईने दोघींपैकी कोणालाच कधी विचारलं नाही.